प्रश्न कुठून सुरू होतो?

‘खुआन त्राबाखा आकी.’ खुआन इथे काम करतो. स्पॅनिशमधले हे साधे विधान आहे. आता याचाच प्रश्न करायचा, तर शब्द किती बदलावे लागतील? एकही नाही. ‘¿खुआन त्राबाखा आकी?’ एवढे म्हटले की झाले. शब्द तेच, क्रम तोच, क्रियापदाचे रूपही तेच. बदलतो तो फक्त आवाजाचा चढउतार, आणि कागदावर वाक्याच्या दोन्ही टोकांना दोन चिन्हे येतात. त्यांतले पहिले उलटे असते. त्याचे टिंब वर आणि आकडा खाली, ओळीच्या रेषेखाली उतरलेला.

(या प्रकरणात स्पॅनिश वाक्ये देवनागरीत दिली आहेत, चिन्हे मात्र स्पॅनिश रीतीने घातली आहेत.)

परक्या माणसाला हे उलटे चिन्ह स्पॅनिश भाषेची हौस वाटते, पानावरची नक्षी वाटते. माझे मत वेगळे आहे. स्पॅनिशमध्ये प्रश्न कसा तयार होतो हे नीट पाहिले की त्या चिन्हाशिवाय वाचकाचे किती अडेल हे कळते. म्हणून आधी प्रश्नाची घडण पाहू आणि मग चिन्हाकडे येऊ.

‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागणारा प्रश्न ओळखू येण्यासाठी प्रत्येक भाषेने काही ना काही सोय केलेली असते. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ येतो. ‘खुआन इथे काम करतो का?’ हिंदी आपला ‘क्या’ वाक्याच्या तोंडाशीच ठेवते. इंग्रजी एक मदतनीस क्रियापद पुढे आणते आणि कर्त्याला त्याच्या मागे ढकलते. स्पॅनिशने यातले काहीच सक्तीचे केलेले नाही. तिच्याकडे ‘का’ नाही, मदतनीस क्रियापद नाही. कर्ता क्रियापदानंतर नेता येतो: ‘¿त्राबाखा खुआन आकी?’ किंवा ‘¿त्राबाखा आकी खुआन?’ कोरी विचारपूस करायची असेल तर हीच रचना जास्त सहज वाटते. कर्ता पुढेच ठेवला तर अनेकदा एक छटा येते: असे मी ऐकले, ते खरे आहे ना? पण ही निवड आहे, नियम नाही. शिवाय विधानातही कर्ता क्रियापदामागे जाऊ शकतो. म्हणजे नुसत्या शब्दक्रमावरून हा प्रश्न आहे की विधान, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्यात पुन्हा कर्ता बहुतेक वेळा गाळलेलाच असतो. ‘येतोस?’ या मराठी शब्दात ‘तू’ दडलेला आहे, तसाच ‘¿बियेनेस?’ मध्येही आहे. ज्या वाक्यात कर्ताच नाही तिथे त्याची जागा बदलून प्रश्न तरी कसा दाखवणार? ‘बियेनेस मान्याना’ म्हणजे तू उद्या येतोस. ‘¿बियेनेस मान्याना?’ म्हणजे तू उद्या येतोस का. चिन्हे काढून टाकली की दोघांत तसूभरही फरक उरत नाही.

मग कान हा फरक कसा ओळखतो? वाक्याच्या शेवटी आवाज चढतो, हे उत्तर सर्वांना ठाऊक असते. स्पेनमधल्या आणि मेक्सिकोतल्या नेहमीच्या बोलण्यात ते खरेही आहे. पण एवढेच नाही. स्पॅनिशच्या सुरावटीचा पायाभूत अभ्यास तोमास नाव्हारो तोमास या भाषाशास्त्रज्ञाने केला. त्याचे या विषयावरचे मोठे पुस्तक १९४४ साली आले. या अभ्यासातून आणि पुढच्या ध्वनिमापनातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे: कास्तिल्याच्या स्पॅनिशमध्ये ‘हो-नाही’चा प्रश्न पहिल्या आघातालाच विधानापेक्षा वरच्या पट्टीत जातो. म्हणजे बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटी प्रश्न करत नाही, तो सुरुवातीपासूनच प्रश्न करत असतो. पोर्तो रिकोत तर शेवटच्या आघाताला आवाज उंच जातो आणि तिथून खाली उतरतो. तिथले बोलणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो ठाम विधानाचा सूर वाटतो. तेव्हा ‘शेवटी चढतो तो प्रश्न’ ही व्याख्या सगळ्या स्पॅनिश जगाला पुरत नाही.

उलट्या चिन्हाचे कारण इथेच आहे. ज्या भाषेत प्रश्न फक्त आवाजात असतो आणि तो आवाज पहिल्या शब्दांपासून बदलतो, त्या भाषेच्या लेखनाने वाचकाला शेवटी सांगून काय उपयोग? मोठ्याने वाचणारा तोवर सगळे वाक्य विधानाच्या सुरात वाचून मोकळा झालेला असतो. घाटात वळणाची पाटी वळणाच्या आधी लावतात, तशी ही खूण आधीच हवी.

हे माद्रिदच्या राजेशाही भाषा अकादमीच्या लक्षात आले अठराव्या शतकात. अकादमी १७१३ साली स्थापन झाली होती आणि भाषेला शिस्त लावणे हेच तिने आपले काम मानले होते. तिने शुद्धलेखनाचा पहिला ग्रंथ १७४१ मध्ये काढला. १७५४ च्या आवृत्तीत मात्र प्रश्नचिन्हाचा वेगळा विचार झाला. शेवटचे चिन्ह युरोपात कित्येक शतके चालत आले होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. अडचण लांब वाक्यांची होती. चार-पाच ओळींचा प्रश्न असेल, तर तो प्रश्न आहे हे वाचकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यावर अकादमीने नवे चिन्ह घडवले नाही. हाताशी होते तेच उलटे करून सुरुवातीला ठेवले. छापखान्याच्या दृष्टीने ही शहाणपणाची निवड होती, कारण चिन्ह ओळखीचेच होते, फक्त फिरवलेले.

पण त्या वेळचा नियम फक्त लांब प्रश्नांपुरता होता. छोट्या प्रश्नाला शेवटचे चिन्ह पुरेल असे धरले होते. मग लांब म्हणजे किती लांब, हा पेच प्रत्येक लेखकापुढे आणि जुळाऱ्यापुढे उभा राहिला. एकाच पानावर एका प्रश्नाला दोन चिन्हे आणि दुसऱ्याला एक, असे होणे अटळ होते. हा घोळ शतकभराहून अधिक काळ चालला. अखेर १८७० मध्ये अकादमीने ठरवले की प्रश्न एका शब्दाचा असो की दहा ओळींचा, दोन्ही टोकांना चिन्ह हवेच. उद्गारवाचक वाक्यांनाही स्पॅनिशमध्ये अशीच जोडी लागते. आज सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेचा हा नियम आहे. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराच्या ग्रंथमेळ्यात २८ नोव्हेंबर २०१० रोजी स्पॅनिशभाषक देशांच्या अकादमींनी मिळून जे शुद्धलेखन मंजूर केले, त्यातही तो कायम आहे.

मला या नियमाची खरी किंमत वाटते ती वाक्याच्या मध्येच प्रश्न सुरू होतो तेव्हा. ‘सि मान्याना नो युएबे, ¿कुआंदो सालिमोस?’ उद्या पाऊस पडला नाही तर आपण केव्हा निघायचे? मराठीत हे सगळे मिळून एक प्रश्नवाक्य धरले जाते. स्पॅनिश लेखन नेमके दाखवते की ‘उद्या पाऊस पडला नाही तर’ हा भाग प्रश्नात येत नाही. ती अट आहे, ती सपाट सुरात म्हणायची, आणि प्रश्न ‘केव्हा’पासून सुरू होतो. म्हणूनच स्वल्पविरामानंतर, वाक्य अर्धे झाल्यावर हे चिन्ह उघडते आणि त्यानंतरचा शब्द लहान अक्षरानेच सुरू होतो.

हाक मारण्याचेही तसेच. ‘खुआन, ¿बियेनेस?’ इथे आधी हाक मारली, खुआनने मान वळवली, मग विचारले. हाक प्रश्नाच्या बाहेर राहते. ‘¿बियेनेस, खुआन?’ मध्ये मात्र नाव शेवटी आले, तोवर आवाज प्रश्नाच्या सुरात गेलेला आहे, म्हणून नाव चिन्हांच्या आत. इतका बारीक फरक चिन्हांत पकडणारी लेखनपद्धती मला फार आवडते. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. ‘पेरो ¿पोर के?’ (पण का?) लिहिताना ‘पेरो’ बाहेर ठेवतात आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम देत नाहीत. शेपूट जोडून विचारायचे असेल तर चिन्हांची जोडी फक्त शेपटीला लागते: ‘एस्तास कान्सादो, ¿नो?’ दमलास, ना? इथले ‘नो’ हे आपल्या ‘ना’चेच काम करते. त्याऐवजी ‘¿बेर्दाद?’ म्हणजे ‘खरं ना?’ असेही म्हणतात.

प्रश्नांची सरबत्ती असेल तर लेखकाला मोकळीक आहे. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र वाक्य म्हणून मोठ्या अक्षराने सुरू करावा, किंवा एकाच दमात म्हटलेले असतील तर ‘¿कुआंदो येगास्ते?, ¿दोंदे एस्तास?, ¿कोन किएन?’ असे स्वल्पविरामांनी ओवावेत. कधी पोचलास, कुठे आहेस, कोणाबरोबर? म्हणजे प्रश्नचिन्हानंतर स्वल्पविराम चालतो. चालत नाही तो पूर्णविराम. वाक्य जर प्रश्नचिन्हाने संपले, तर त्या चिन्हातले टिंबच पूर्णविरामाचे काम करते.

आतापर्यंत पाहिले ते ‘हो-नाही’चे प्रश्न. काय, कोण, कुठे विचारणारे प्रश्न वेगळ्या घडणीचे आहेत. मराठी माणसाला त्यांत एक ओळखीची गोष्ट लगेच जाणवते. ‘के’ म्हणजे काय, ‘किएन’ म्हणजे कोण, ‘कुआंदो’ म्हणजे केव्हा, ‘कोमो’ म्हणजे कसा, ‘कुआंतो’ म्हणजे किती. सगळीकडे ‘क’. हा योगायोग नाही. लॅटिनमधला ‘क्विस’ आणि संस्कृतमधला ‘कः’ हे दोघेही इंडो-युरोपीय मूळ भाषेतल्या एकाच प्रश्नवाचक अंशातून आले, आणि स्पॅनिश व मराठी या त्यांच्या लेकी. फक्त ‘कुठे’साठीचा ‘दोंदे’ या रांगेत बसत नाही. त्याची कथा अशी: लॅटिनमध्ये ‘कुठून’ला ‘उंदे’ म्हणत. त्याचाही मूळचा ‘क’ गळून पडलेला होता. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘ओंदे’ झाले आणि त्याच्यापुढे ‘पासून’ अर्थाचा ‘दे’ चिकटला. पुढे ‘दोंदे’चा अर्थ नुसताच ‘कुठे’ असा झाला, म्हणून ‘कुठून’साठी पुन्हा एक ‘दे’ जोडावा लागला. आज स्पॅनिश माणूस ‘¿दे दोंदे एरेस?’ (तू कुठला?) विचारतो तेव्हा नकळत तो ‘दे’ दोनदा उच्चारत असतो. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ वापरतात, म्हणून तिथे हेच ‘¿दे दोंदे सोस?’ असे ऐकू येते.

या शब्दांबाबत इंग्रजीच्या सवयीपेक्षा मराठीची सवय जास्त कामाला येते. इंग्रजी बोलणारा माणूस ‘बरोबर’, ‘पासून’ असे शब्द वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवू शकतो. स्पॅनिशमध्ये ते प्रश्नशब्दाला सोडून राहू शकत नाहीत. ‘¿कोन किएन बीबेस?’ कोणाबरोबर राहतोस? मराठीत ‘बरोबर’ शब्दामागे येतो आणि स्पॅनिशमध्ये ‘कोन’ पुढे येतो, एवढाच फरक. दोघेही प्रश्नशब्दाला धरूनच चालतात. ‘¿आ किएन बुस्कास?’ (कोणाला शोधतोयस?) मधला ‘आ’ तर थेट आपल्या ‘ला’चे काम करतो.

घोटाळा होतो तो ‘काय’पाशी. ‘तुझे नाव काय?’ याचे शब्दाला शब्द भाषांतर केले की ‘के’ येतो, आणि ते स्पॅनिश कानाला खटकते. ‘के’ने एखाद्या गोष्टीची ओळख विचारतात: ‘¿के एस एस्तो?’ हे काय आहे? अनेक शक्यतांमधली एक निवडून मागायची असेल तर ‘कुआल’ लागते: ‘¿कुआल एस तु नोम्ब्रे?’ जगातल्या सगळ्या नावांतले तुझे कोणते? पत्ता, फोन नंबर, देशाची राजधानी, सगळ्यांना ‘कुआल’. नावासाठी लोक बहुधा ‘¿कोमो ते यामास?’ म्हणजे ‘तू स्वतःला कसे म्हणवतोस?’ असे विचारतात. वयाने मोठ्या किंवा अनोळखी माणसाला ‘¿कोमो से यामा उस्तेद?’ ‘तू’ आणि ‘आपण’ यांतला भेद मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्नशब्द आला की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो, आणि इथे बहुतेक ठिकाणी निवड उरत नाही. ‘¿के किएरे मारिया?’ मारियाला काय हवे आहे? ‘मारिया’ला क्रियापदाच्या आधी घुसवले तर वाक्य मोडते. क्युबा, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि पोर्तो रिको इथले लोक मात्र ‘¿के तु किएरेस?’ (तुला काय हवंय?) असे सर्रास म्हणतात, ‘तू’ला क्रियापदाआधी ठेवून. ती चूक नव्हे, कॅरिबियन बोलीचे व्याकरणच तसे आहे. अशा प्रश्नांत सूर बहुधा विधानासारखाच शेवटी उतरतो, कारण प्रश्न असल्याचे प्रश्नशब्दानेच आधी सांगून टाकलेले असते.

आता लेखनातली दुसरी खूण. प्रश्न विचारणारा ‘के’ रोमन लिपीत तीन अक्षरांनी लिहितात आणि शेवटच्या अक्षरावर डावीकडून उजवीकडे चढणारी छोटी तिरकी रेघ देतात. हीच तीन अक्षरे रेघेशिवाय लिहिली तर तो आपला ‘की’ किंवा ‘जो’ होतो. ही रेघ किती काम करते ते एका वाक्यात दिसते: ‘दीसे के कोमे’. रेघ नसेल तर अर्थ होतो ‘तो म्हणतो की तो खातो’. रेघ असेल तर ‘तो काय खातो ते तो सांगतो’. दुसऱ्या अर्थात ‘काय’ आहे, पण समोरच्याला काही विचारलेले नाही, म्हणून प्रश्नचिन्ह नाही, एकही नाही. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की चिन्हे गळतात आणि रेघ मात्र राहते.

उलट प्रकारही आहे, आणि शिकणाऱ्यांची इथे हटकून चूक होते. ‘¿मे यामास कुआंदो येगेस?’ पोचलास की मला फोन करशील? वाक्य प्रश्नच आहे, दोन्ही चिन्हे आहेत, पण आतल्या ‘कुआंदो’वर रेघ नाही, कारण तो ‘केव्हा’ असे विचारत नाही, तो ‘जेव्हा’ आहे. ‘¿कुआंदो मे यामास?’ (मला फोन कधी करतोस?) मध्ये रेघ हवी. मराठीने ‘केव्हा’ आणि ‘जेव्हा’ असे वेगळे शब्दच घडवले आहेत, त्यामुळे आपल्याला हा भेद समजायला सोपा जातो. स्पॅनिशने एकच शब्द ठेवला आणि भेद त्या रेघेवर सोपवला. उलटे चिन्ह सांगते की वाक्य प्रश्नाचे आहे, रेघ सांगते की हा शब्द प्रश्नाचा आहे. दोघांची कामे वेगळी आहेत.

या सगळ्याचा कळस म्हणजे ‘का’ आणि ‘कारण’. ‘¿पोर के?’ दोन शब्द, रेघेसह, म्हणजे का. ‘पोर्के’ एक शब्द, रेघेविना, म्हणजे कारण की. ‘एल पोर्के’ एक शब्द, पण शेवटच्या अक्षरावर रेघ आणि आघात, म्हणजे ‘कारण’ हे नाम. शिवाय दोन शब्द रेघेविना, असा चौथा प्रकारही आहे, ‘ज्यासाठी’ या अर्थाचा. तो क्वचित लागतो. स्पेनमधली शाळकरी मुलेसुद्धा यांत गोंधळतात.

एवढे सगळे उपयोगी असूनही उलट्या चिन्हाने स्पॅनिशबाहेर फारसा विस्तार केला नाही. शेजारच्या पोर्तुगीजमध्येही ‘हो-नाही’चा प्रश्न सुरावरच चालतो, पण तिने शेवटचे चिन्ह पुरे मानले. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत म्हणूनच ते उलटे चिन्ह दिसत नाही. गॅलिसियाच्या भाषेत ते ऐच्छिक आहे, वाचकाची गफलत होईल असे वाटले तर घालावे. कॅटलान भाषेच्या संस्थेने १९९३ मध्ये फक्त शेवटचेच चिन्ह वापरण्याचा सल्ला दिला. मराठीत विरामचिन्हे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर आणि इंग्रजीच्या वळणाने. या कामात मेजर थॉमस कँडी यांचे नाव आवर्जून घेतले जाते. त्या वळणात प्रश्नचिन्ह फक्त शेवटी येत होते, तसेच ते आपल्याकडे आले. ‘का’ची साथ असल्याने आपले फारसे अडले नाही. पण ‘तू काल तिथे गेला होतास’ आणि ‘तू काल तिथे गेला होतास?’ ही वाक्ये मोठ्याने वाचताना मराठी वाचकही शेवटच्या शब्दावर अडखळतोच.

स्पॅनिशभाषक देशांतही या चिन्हाला धक्के बसत आहेत. स्पेनच्या संगणक-कळफलकावर त्याला स्वतःची जागा आहे, शून्यापासून दुसऱ्या कळीवर. फोनवर मात्र प्रश्नचिन्ह दाबून धरावे लागते तेव्हा ते वर येते, आणि घाईच्या निरोपात तेवढी उसंत कोणी घेत नाही. निरोप एका ओळीचा असतो, समोरचा माणूस ओळखीचा असतो, प्रश्न आहे हे एका नजरेत दिसते. १७५४ मध्ये अकादमीने छोट्या प्रश्नांना जी सूट दिली होती, ती लोकांनी फोनवर आपली आपण परत घेतली आहे. अकादमी मात्र याला परभाषेच्या प्रभावाने आलेली चूक मानते, आणि वर्तमानपत्रे, पुस्तके, शाळा इथे दोन्ही चिन्हांचाच आग्रह आहे. माझा कौलही तोच. चिलीच्या पाब्लो नेरुदाने आपल्या कवितांत पहिले चिन्ह अनेकदा गाळले. त्याच्या मृत्यूनंतर, १९७४ मध्ये, निघालेल्या प्रश्नांच्या पुस्तकात तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त प्रश्नच आहेत. तिथे ते गाळल्याने काही बिघडत नाही, कारण वाचक पहिल्या पानापासूनच प्रश्नाच्या सुरात वाचत असतो. कादंबरीत एक पात्र सांगते आणि दुसरे विचारते, तेही त्याच शब्दांत. तिथे हे चिन्ह काढले, तर वाचकाला प्रत्येक संवाद दोनदा वाचावा लागेल.